भिंतीवरचा पांढरा पंजा

टप्.

एवढासा आवाज. वाळलेल्या पळसाच्या पत्रावळीवर माशी पडली की होतो तेवढाच. पण रामाजी पाटलांच्या पडवीत साठ-सत्तर माणसं श्वास रोखून बसली होती, म्हणून तो मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेला.

माशी पाठीवर पडली होती. पाय हवेत थरथरत होते. मग ती स्वतःभोवती भिंगरीसारखी फिरली आणि थांबली.

"पाडली!" पंजाबाबा गरजला, आणि पडवी उसळली. बायांनी हात जोडले, पोरं पुढं घुसली, कोणीतरी नारळ आणायला धावलं. तेवढ्यात दुसरी पडली, तिसरी पडली. वर कुडाच्या भिंतीवर बाबाच्या उजव्या हाताचा पांढरा पंजा उमटला होता, आणि त्याच्यावर माश्या येऊन बसत होत्या, जणू त्यांना बोलावणं गेलं होतं.

"हे माशी नाई जी," बाबा सांगत होता. "हे तापाची वरात हाये. नवरदेव मांगून येते, नाचनारी पुढं येते. म्या नाचनारीलेच पाडलं! आता नवरदेव कोनाच्या दारात येते?"

"येत नाई, येत नाई!" लोक म्हणाले.

"मंग? सव्वा रुपया देवीचा, पायलीभर धान धुनीचं. एकदम गारंटी."

"धुनीले धान कायले लागते महाराज?" मागून वारलू सुताराने विचारलं.

"धुनी नाई खात बाबू. धुनीपाशी बसनारा खाते."

सगळे खो खो हसले. मीही हसले. खोटं का बोलू? तान्हं मांडीवर होतं, सहा वर्षांची प्रेमिला शेजारी, आणि गावात इतकं हसायला फार दिवसांनी मिळालं होतं.

हे याच वर्षीचं, सत्तावन्न सालचं. चांदा जिल्हा नागपूरच्या राज्यातून निघून मुंबईच्या राज्यात गेल्याला वर्षही झालं नव्हतं. "सरकार बदललं, मच्छर तेच," असं आमच्या कोसमटोल्यात म्हणतात. मूल या बाजारगावापासून सहा कोसांवरचं गाव, एक मोठा तलाव, भोवती धानाच्या बांध्या, आणि बांध्यांना लागून जंगल. आषाढात रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू होतो आणि त्याच आठवड्यात घरोघरी माणसं गोधड्या ओढून कुडकुडायला लागतात. रोवण्याच्या पंधरा दिवसांत ज्याच्या घरी ताप, त्याचं वर्षाचं धान अर्धं. हे आम्ही बाहेरून आलेले, शाळामास्तराचं घर, तरी दोन पावसाळ्यांत आम्हालाही कळलं होतं.

जेठ महिन्यात मलेरियावाले आले होते. पाठीवर पंप, तोंडाला फडकं. त्यांनी घराघरात पांढरं पाणी फवारलं. एक पैसा घेतला नाही. त्यांच्यातला इन्स्पेक्टर बिचारा प्रत्येक दारात हात जोडून सांगत होता, "आयाबहिणींनो, मच्छर माणसाला चावतो आणि भिंतीवर जाऊन बसतो. तिथंच तो मरायला हवा. सहा महिने भिंत पोतारू नका."

ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी गावातल्या एकूण एक बायांनी पांढरी माती कालवली, शेण कालवलं आणि भिंती पोतारून काढल्या. वास येत होता, डाग दिसत होते, लग्नसराई होती. अंगणात पाटलीण रुखमाबाई मला म्हणाल्या, "मास्तरीणबाई, चांगली चीज असती तं सरकारनं फुकट देली असती काय? सरकार घेते. देत नाई."

त्यात फवारणीवाल्यांच्या मुकादमाच्या हाताखालच्या एकाने कुठंतरी म्हटलं, या पावडरीनं मांजरं मरतात. त्याचं गावात दोन दिवसांत झालं, बाईची कूस बंद होते.

माझ्या भिंती तेवढ्या राहिल्या. मला नववा महिना होता. फवारणीनंतर दहाव्या दिवशी बाळ झालं, पुढं मला उठवेना. काही शहाणपणानं नाही, निव्वळ अशक्तपणानं त्या भिंती तशाच राहिल्या. येणारी-जाणारी टोचून जायची, "मास्तरीणबाईच्या भिंतीले कोड फुटलं व." मी पाळण्याची दोरी ओढत राहायची.

आणि आषाढात बाबा आला. येताच त्यानं सांगितलं, सरकारी पावडर विष आहे, तुम्ही झाकली ते बरं केलं. मग तो पंजा उठवू लागला. पंजा उठला की हंडीत उरलेलं पाणी त्याचा चेला झाडूनं आतल्या खोलीच्या चारी भिंतींना मारायचा. आणि बाबा बजावायचा, "दिवाळीपावतर भिंतीले हात लावाचा नाई. पोतारली तं देवी कोपंल."

कोणी हात लावला नाही. इन्स्पेक्टरानं हात जोडून जे मागितलं आणि मिळालं नाही, ते बाबानं सव्वा रुपया घेऊन मिळवलं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. पंज्याच्या घरांत ताप खरंच कमी झाला. यंदा पाटलांच्या घरची सगळी माणसं रोवण्यात उभी होती. मग लोकांनी विश्वास ठेवला, तर त्यांना वेडं कसं म्हणायचं?

ज्यांच्याकडे सव्वा रुपया नव्हता त्यांच्या घरी मात्र ना पंजा, ना पावडर. ती त्यांनी आधीच शेणाखाली झाकली होती. तलावाच्या पाळीवरच्या ढिवरांच्या, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या, नऊ झोपड्या तशाच होत्या. त्यातली एक मनकर्णाची.

मनकर्णा विधवा, माझ्याच वयाची. तलावात मासोळ्या धरते आणि डालगं डोक्यावर घेऊन गावात विकते. तिचा एकच मुलगा, झिंगू, चार वर्षांचा. त्याला दिवसाआड ताप भरायचा. पोट टरटरीत, हातपाय काड्यांसारखे. प्रेमिलाशी खेळायला यायचा, आणि खेळता खेळता उन्हात जाऊन बसायचा. मग आम्हाला कळायचं, थंडी वाजायला लागली.

एका दुपारी मनकर्णा आली ती हसतच. पदराच्या गाठीतून तिनं पळसाच्या पानाचा एवढासा पुडा काढला.

"बाई, दोन घोट दूध देता काय? झिंगूले पाजाचं हाये."

"देते की. हे काय?"

"भंडारा. महाराज म्हनते, भिंतीचा ताप काढला, आता पोटातला काढतो. सोमवारपासून गावाले देनार हाये. मले अदुगर देला. डालगंभर मरळ नेऊन देली म्या."

"बाबा तर नुसतं दूध पितात म्हणे?"

"लोकायसमोर पेतात," मनकर्णा म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो.

मी दूध आणायला वळले. पुडा हातात होता. तो उघडला आणि वास आला. तो वास मला ओळखीचा होता, पण कुठला ते आठवेना. प्रेमिलानं वाकून पाहिलं आणि म्हणाली, "आई, आपल्या भिंतीसारखा वास येते."

"कोणत्या भिंतीसारखा?"

"पाळण्यामागच्या. तिथं माश्या पडतात ना, तिथं."

"आपल्या घरी कुठं माश्या पडतात?"

"रोजच पडतात. मी मुंग्याईले देतो."

ती मला हाताला धरून घेऊन गेली. पाळण्यामागं, भिंत जिथं जमिनीला टेकते तिथं, मेलेल्या माश्यांची एक बारीक ओळ होती, आणि मुंग्या त्या ओढून नेत होत्या. वर भिंतीवर फवाऱ्याचे ते पांढरे डाग, ज्यांना गाव कोड म्हणत होतं. पंजा नाही, देवी नाही, सव्वा रुपया नाही.

मी नखानं थोडं खरवडलं. पुड्याशेजारी धरलं. रंग तोच, वास तोच.

पुडा घट्ट मिटून मी बाहेर आले. "मनकर्णा, हे झिंगूला देऊ नको."

"काऊन?"

"हे मलेरियावाल्यांचंच आहे. भिंतीला मारायचं. पोटात घालायचं नाही."

"बाई, पाटलाच्या घरी माश्या मेल्या, तुमी बी पाह्यल्या."

"तेच तर. ज्यानं माशी मरते ते तू लेकराच्या पोटात घालणार?"

"ताप बी मरंल न." तिचा चेहरा बदलला होता. "तुमाले तापाच्या कोयनेलच्या गोळ्या भेटते. मास्तर मूलले जाते, आनते. मी कुठी जाऊ? दवाखान्यात गेली तं दोन दिवस तलाव सुटते. अन् तिथी कम्पौंडर म्हनते, उद्या ये."

मी म्हटलं, "उद्या सकाळपर्यंत थांब. पुडा माझ्यापाशी ठेव. आमच्या घरच्या गोळ्या घेऊन जा. उद्या तुला खोटं वाटलं तर पुडा परत ने, मी अडवणार नाही."

तिनं पुडा माझ्या मुठीत राहू दिला. मग गोळ्या घेऊन गेली.

गुरुजी, म्हणजे आमचे मालक, शाळेतून घरी आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "नुसतं सांगून चालणार नाही. शाळेत जसं दाखवतो तसं दाखवायला हवं." आणि युक्तीही त्यांनीच सांगितली. मग प्रेमिलानं गूळ लावलेल्या पेल्याखाली माश्या धरायचं काम अंगावर घेतलं, आणि मला वाटतं, त्या दिवशी तिच्याइतकं सुखी माणूस चांदा जिल्ह्यात नसेल.

सकाळी मी बाळाला खांद्यावर टाकून पाटलांच्या पडवीत गेले. मागून गुरुजी तीन कंदिलांच्या काचा घेऊन. एक आमची, एक शाळेची, एक वारलू सुताराची. बाया जमल्या, मग बाप्ये जमले. बाबा खाटेवर बसला होता.

"काय आनलं मास्तरीणबाई? देवीले कंदील?"

"देवीची परीक्षा आहे महाराज," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "पहिल्या काचेत आतून खायचा चुना लावलाय. दुसरीत तुमचा भंडारा. तिसरीत माझ्या घरच्या भिंतीचं कोड."

बाया फिसकन हसल्या. गुरुजींनी तिन्ही काचा पाट्यांवर उभ्या केल्या, वरून फडकं बांधलं, आत पाच-पाच माश्या सोडल्या. मग वाट पाहणं आलं. बाळ रडलं, त्याला घेतलं. रुखमाबाईंनी पानाचा डबा फिरवला. कोणी म्हणालं, "माश्याईची शाळा भरवली मास्तरनं." अर्धी घटका गेली असेल. दुसऱ्या काचेतली एक माशी पाय घासायला लागली, थरथरली, पाठीवर पडून फिरली. "पाडली!" बाबा ओरडला.

त्याचा आवाज खाली बसायच्या आत तिसऱ्या काचेतली पडली. मग दुसरीतली, मग तिसरीतली. चुन्याच्या काचेत पाचही माश्या मजेत फिरत होत्या.

माणसं तिन्ही काचांवर वाकली.

"हे मास्तरीणच्या घरात कोनी पंजा उठवला?" वारलूनं विचारलं.

"कोनी नाई," रुखमाबाई हळूच म्हणाल्या. "त्याईनं पोतारलंच नाई."

बाबा सावरला. तयार गडी होता. "देवी दयाळू हाये जी! म्या या गावात पाय ठेवला तवाच सत्त्व पसरलं. सरकारच्या पावडरीत बी सत्त्व उतरलं!"

दोन-चार माना डोलल्या. वाटलं, गेलं सगळं. तेवढ्यात गर्दीतून मनकर्णा पुढं आली. तिनं माझ्या हातातला पुडा घेतला आणि बाबासमोर धरला.

"महाराज, हा माह्या पोट्ट्याचा भंडारा. अदुगर तुमी चिमूटभर खा. मंग मी त्याले देतो."

"मले आज उपास हाये."

"मरळ खाल्ली तवा नव्हता?"

पडवी फुटली. हसता हसता वारलूनं बाबाची झोळी ओढली. आतून गुळाची ढेप निघाली, आणि जाड कागदाची अर्धी पिशवी, वर इंग्रजी अक्षरं. गुरुजींनी वाचून दाखवलं: मच्छर मारायची पावडर, खायची नाही, लेकरांपासून दूर ठेवा. गूळ कशाला, तेही कळलं. पंज्याच्या पाण्यात पहिल्यांदा गूळ, मग पावडर. माश्यांना बोलावणं त्या गुळानं जायचं.

चेला रडायलाच लागला. म्हणाला, फवाऱ्याच्या मुकादमानं विकली. गावोगाव, इथंसुद्धा, लोक देवघर नाहीतर धानाची खोली फवारू देत नव्हते, माल उरायचा. मुकादम कागदावर 'सर्व घरं झाली' लिहायचा आणि उरलेल्या पिशव्या यांना द्यायचा. दुपारच्या आत दोघंही गाव सोडून गेले. त्या कागदावर गावाच्या वतीनं सही रामाजी पाटलांची होती, हे नंतर समजलं. म्हणून पाटलांनी चौकीत कोणालाही जाऊ दिलं नाही. गुरुजींनी वर तक्रार लिहिली. दीड महिन्यानं उत्तर आलं की जिल्ह्याचे जुने कागद नागपूरहून यायचे आहेत, आल्यावर पाहू.

इथं गोष्ट संपायला हवी होती. मलाही त्या दिवशी तसंच वाटलं. पोळ्याच्या आधी मी झिंगूला मांडीवर बसवून भात भरवला, आणि मनात म्हटलं, वाचलं लेकरू.

पण आठवडा गेला नाही तोच गावात माती कालवायला सुरुवात झाली. ज्या घरांत पंजा होता ती सगळी घरं बायांनी घासून, खरवडून, दोन-दोनदा पोतारली. रुखमाबाई म्हणाल्या, "विषच होतं ते. तुमीच दाखवलं." आणि आश्विनात मलेरियावाले पुन्हा आले, हा इन्स्पेक्टर नवा, भला माणूस, स्वतः पंप घेऊन फिरणारा, तर गाव वेशीवर उभं राहिलं. काठ्या घेऊन. "बाबाची पावडर पुन्हा आनली का रे? आता सव्वा रुपया बी नाई, फुकट विष?"

आमचं घर आणि शाळा, एवढंच फवारलं गेलं. मी त्या इन्स्पेक्टराला घेऊन तलावाच्या पाळीवर गेले. वाटलं, मनकर्णा तरी ऐकेल. ती दारात आडवी उभी राहिली.

"मनकर्णा, ही भिंतीसाठी आहे. पोटात नाही घालायची. मच्छर मेला की झिंगूला पुन्हा पुन्हा ताप यायचा नाही."

"बाई, तुमच्यानंच माहा लेकरू वाचला. मी विसरली नाई." ती रागावली नव्हती. हेच वाईट होतं. "पन म्या काचीत पाह्यलं. माशी कशी फिरली ते पाह्यलं. माहा झिंगू केवढा हाये? माशीएवढाच तं हाये."

इन्स्पेक्टर म्हणाला, "जबरदस्ती करता येईल, हुकूम काढता येतो. पण हुकमानं फवारलेली भिंत दुसऱ्या दिवशी पोतारली जाते." तो पंप उचलून निघून गेला.

तेव्हापासून मी पुन्हा पुन्हा विचार करते आहे, माझं कुठं चुकलं. मी लोकांना मरणारी माशी दाखवली. वाचलेली माणसं दाखवली नाहीत. पाटलांच्या घरची सात माणसं रोवण्यात उभी होती, ती पंज्यानं नव्हे, पंज्याखालच्या पावडरीनं, हे मी त्याच पडवीत, त्याच दिवशी सांगायला हवं होतं. म्हणून आता सांगते, जे वाचत असतील त्यांना. बाबाच्या हंडीत जे होतं ते खोटं नव्हतं. त्यानं त्याला देवीचं नाव दिलं, किंमत लावली, आणि पैसे नसलेल्यांना वगळलं, हे खोटं होतं. एखादी चीज फुकट मिळते म्हणून ती हलकी होत नाही, आणि पैसे मोजले म्हणून भारी होत नाही. जे भिंतीचं ते भिंतीला, जे पोटाचं ते पोटाला; कोणतं कुठं ते विचारावं. महाराजाला विचारावं, इन्स्पेक्टरालाही विचारावं, मास्तरणीलाही. उत्तर पटेपर्यंत विचारत राहावं. पण एकानं फसवलं म्हणून विचारणंच सोडून दिलं, तर आपण दुसऱ्यांदा फसतो, आणि या खेपेला फसवणारे आपणच असतो.

हे मी मनकर्णालाही सांगून पाहिलं. चार वेळा. ती ऐकून घेते, डालगं उचलते आणि जाते.

आज झिंगूला पुन्हा थंडी भरली. मी गोळी घेऊन गेले होते, प्रेमिला माझ्याबरोबर होती. गोधडीत तो पानासारखा थरथरत होता. मनकर्णा त्याच्यावर अंग टाकून पडली होती, त्याचं थरथरणं थांबावं म्हणून. झोपडीच्या भिंती नुकत्याच पोतारलेल्या, स्वच्छ, गुळगुळीत. कोपऱ्याकोपऱ्यात मच्छर बसलेले दिसत होते.

घरी येताना पाळीवर प्रेमिला माझ्या मागे मागे चालत होती. मग माझा पदर ओढून म्हणाली,

"आई, तुझं कोनी ऐकत नाई. बाबाचं सगळे ऐकत होते. मग झिंगूच्या घरासाठी आपण बाबालेच परत बोलवू या का?"